आई-बाबा, दोन मुलं आणि रॉकी माउंटनचे चार दिवस

बाबांनी पुण्याहून निघायच्या आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं, तिकडे एखादा तरी डोंगर दाखवशील ना गं? तरुणपणी सह्याद्री पालथा घातलेला माणूस आहे तो, कळसूबाई किती वेळा केलं याचा हिशोब नाही, आणि आता सत्तरी गाठली तरी चढायची हौस काही गेलेली नाही. आम्ही राहतो अमेरिकेत, डेन्व्हरजवळ ऑरोराला. विमानतळावरून घरी येताना मी त्यांना सांगितलं की बाबा, डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे तुम्ही आत्ता गाडीत बसल्या बसल्या जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर आहात. ते बाहेरचा सपाट माळ बघत बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग डोंगर कुठून सुरू होतो इथे?"

तर त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आम्ही जुलै २०२४ मध्ये रॉकी माउंटन नॅशनल पार्कला गेलो, गुरुवार ते रविवार, ११ ते १४ जुलै. आम्ही दोघं, थोरली दहा वर्षांची, धाकटा पाचचा, बाबा, आणि आई, जिचा गुडघा दुखतो आणि बीपीची गोळी रोजची आहे. या पार्कात आम्ही नवरा-बायको आधी दोनदा येऊन गेलोय पण तेव्हा लांबलांबचे ट्रेक केले होते, अशी तीन पिढ्यांची गँग घेऊन जाणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ज्यांच्याकडे आई-वडील यायचेत ते मला सारखं विचारतात म्हणून जे जसं घडलं तसं सगळं लिहितेय.

सुरुवात परमिटपासून करते कारण लोक इथेच गोंधळतात. उन्हाळ्यात या पार्कात नुसती एंट्री फी भरून चालत नाही, टाइम्ड एंट्री परमिट वेगळं लागतं, म्हणजे अमुक दोन तासांच्या आत तुमची गाडी गेटमधून आत जायला हवी. एकदा आत गेलात की मग दिवसभर राहा, कोणी विचारत नाही. आमच्या वेळी याचे दोन प्रकार होते. एक बेअर लेक या तळ्याकडे जाणाऱ्या बेअर लेक रोडसकट सगळ्या पार्कचं, ते त्या रस्त्यासाठी पहाटे ५ ते संध्याकाळी ६ पर्यंत लागतं, आणि दुसरं बेअर लेक रोड सोडून बाकीच्या पार्कचं, ते फक्त सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत लागतं. आता हे नीट वाचलं की लक्षात येतं की बेअर लेकला जायचं नसेल आणि तुम्ही ९ च्या आत गेटमधून आत शिरलात तर परमिट लागतच नाही! आपल्या घरात आई-बाबा तसेही पाचला उठून चहा पिऊन बसलेले असतात, त्यामुळे मी शुक्रवार आणि शनिवार असे ठेवले की ९ च्या आत आत जायचं, आणि परमिट फक्त रविवारचं, बेअर लेकसाठी काढायचं.

जुलैची परमिटं १ जूनला सकाळी ८ वाजता ऑनलाइन सुटली. मी आणि नवरा दोघं दोन लॅपटॉप घेऊन बसलो होतो तरी रविवारचा सकाळचा स्लॉट डोळ्यांदेखत गेला. पण सगळी परमिटं एकदम सोडत नाहीत, काही राखून ठेवतात आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ला सोडतात, तिथे शेवटी मला मिळालं. २ डॉलर बुकिंगचे, बस. आईला हा सगळा प्रकार मी भीत भीत समजावत होते, म्हंटलं तिला वाटेल हे काय नसतं फॅड, तर ती म्हणाली अगं कास पठारावर नाही का आता ऑनलाइन बुकिंग करावं लागत, लोक फुलं तुडवतात म्हणून, बरोबरच आहे ते. 

एंट्री फी आम्हाला पडली नाही कारण थोरलीची चौथी नुकतीच संपली होती. इथे चौथीतल्या मुलांना वर्षभर सगळ्या नॅशनल पार्कांचा फुकट पास मिळतो आणि तो ऑगस्टअखेरपर्यंत चालतो, गाडीत बसलेल्या सगळ्यांना त्यात घेतात. फक्त आमच्या वेळी तो कागदावर प्रिंट करून न्यावा लागायचा, फोनवर दाखवलेला चालत नव्हता. गेटवर रेंजर (म्हणजे पार्कच्या कर्मचारी) बाईंनी पास मागितला तेव्हा थोरलीने मागच्या सीटवरून तो कागद पुढे केला आणि बाबा लगेच म्हणाले, "आज आपण सगळे हिच्या तिकिटावर." तिला त्याचा इतका अभिमान वाटला की चारही दिवस तो कागद तिने कोणाच्या हातात दिला नाही.

गुरुवारी आम्ही काहीच केलं नाही आणि ते मुद्दाम. एस्टेस पार्क हे गाव पार्कच्या तोंडाशी आहे, ७,५२२ फुटांवर, तिथे एक रात्र नुसती झोप काढली की शरीराला उंचीची सवय व्हायला लागते. आईच्या डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं, पाणी भरपूर, जेवण हलकं, घाई नाही, आणि डोकं दुखलं की खाली यायचं. आम्ही संध्याकाळी गावातल्या नदीकाठी फिरलो, आणि पार्कच्या व्हिजिटर सेंटरमधून मुलांसाठी ज्युनियर रेंजरच्या पुस्तिका आणल्या.

या पुस्तिकांबद्दल सांगायलाच हवं कारण आमच्या सगळ्या ट्रिपला त्यांनीच वळण दिलं. पुस्तिका फुकट मिळते, मुलाच्या वयानुसार वेगळी. आत चित्रं, कोडी, प्राण्यांच्या खुणा शोधा, इथे बसून काय ऐकू येतं ते लिहा, असं सगळं. ती भरून रेंजरला दाखवायची, रेंजर खरोखर पानं उलटून प्रश्न विचारतात, मग हात वर करून शपथ घ्यायची आणि बिल्ला मिळतो. मला वाटलं होतं मुलं गाडीत बसून अर्ध्या तासात संपवतील. पण थोरलीने ती बाबांच्या हातात दिली, का तर त्यांना इंग्रजी वाचायला चष्मा लागतो आणि तो लावून ते मोठ्याने वाचतात ते तिला आवडतं, आणि तिथून पुढे ती दोघांची मिळून पुस्तिका झाली.

शुक्रवारी सकाळी साडेआठच्या आसपास फॉल रिव्हरच्या बाजूने आत शिरलो. पहिला थांबा शीप लेक्स. नाव तळ्याचं पण आहे छोटीशी डबकी, बाजूला मोकळं गवत, आणि तिथल्या चिखलातले क्षार चाटायला डोंगरावरून मोठ्या शिंगांची रानमेंढरं खाली उतरतात. त्यासाठी त्यांना रस्ता ओलांडावा लागतो, आणि तेव्हा रेंजर दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवतात. आम्ही तासभर तिथे बसलो, आईने फोल्डिंग खुर्चीत बसून लसूण सोलावा तशा शांतपणे वाट बघितली, आणि दहाच्या सुमारास माद्या आणि त्यांची कोकरं, एकूण अकरा, एका रांगेत उतरली. गाड्या बंद, माणसं गप्प, आणि खुरांचा आवाज डांबरावर. आई हळूच म्हणाली, आमच्या घरी गोठ्यात गुरांना मिठाचा खडा बांधून ठेवायचे ना, तसंच हे. धाकट्याला अंगठ्याचा नियम शिकवला होता, हात लांब करून एक डोळा मिटायचा आणि अंगठ्यामागे अख्खा प्राणी लपला तर आपण पुरेसे लांब आहोत. या पार्कात एल्क (इथलं मोठं हरीण) आणि मेंढरांपासून ७५ फूट, मूस (त्याहून मोठं हरीण) आणि अस्वलापासून १२० फूट लांब राहायचं असतं. पाच वर्षांच्या मुलाला फूट कळत नाहीत, अंगठा कळतो. ट्रिप संपेपर्यंत तो खारींनाही अंगठा दाखवत होता.

तिथून जवळच अल्युव्हियल फॅन. आणि इथे जे झालं ते मला आधीपासून माहीत असतं तरी मी ठरवून घडवू शकले नसते.

लांबून बघितलं तर डोंगराच्या उतारावरून दगडांचा एक पंखा पसरल्यासारखा दिसतो, मधून पाणी धबधब्यासारखं उड्या मारत येतं, काही दगड व्हॅनएवढे. मुलांसाठी याच्यासारखी जागा नाही, पक्की वाट आहे, पूल आहे, आणि दगडांवरून चढउतार करायला हवी तेवढी जागा. धाकट्याचे बूट पाच मिनिटांत ओले. थोरली आणि बाबा मात्र तिथली पाटी वाचत उभे राहिले, पुस्तिकेत काहीतरी भरायचं होतं म्हणून. पाटीवर होतं की वर डोंगरात लॉन लेक म्हणून तळं आहे, तिथे शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये शेतीच्या पाण्यासाठी मातीचा बांध घातला होता, तो १५ जुलै १९८२ च्या पहाटे फुटला, आणि ते पाणी रोअरिंग रिव्हरच्या घळीतून हे सगळे दगड घेऊन खाली आलं. तीन माणसं गेली. एस्टेस पार्कच्या मुख्य रस्त्यातून पाणी वाहिलं. पहाटे कचरा न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने तो आवाज ऐकला आणि तिथल्या फोनवरून कळवलं म्हणून खाली माणसांना हलवायला वेळ मिळाला.

बाबांनी चष्मा काढला. मला म्हणाले, "आज तारीख काय?"

१२ जुलै होती. माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुण्याच्या जुन्या माणसांना ही तारीख सांगावी लागत नाही, १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. बाबा तेव्हा सात वर्षांचे होते, शनिवार पेठेत राहायचे. आम्ही लहानपणी हे ऐकलेलं आहे पण तुकड्यातुकड्यांत, कोणी पाहुणे आले की विषय निघायचा आणि तेवढ्यापुरतं. त्या दिवशी त्यांनी एका मोठ्या दगडावर बसून थोरलीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. की शाळेतून घरी पाठवलं, की लोक ओरडत होते धरण फुटलं, पाणी आलं, आणि वडिलांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि धाकट्या आत्याला काखेत, आणि पर्वतीकडे चालायला लागले. की लकडी पूल पाण्याखाली गेला. की धरणावर आधी रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून धरण धरून ठेवलं होतं, ते रात्री फुटलं असतं तर झोपेत किती माणसं गेली असती. की दोन दिवसांनी घरी गेले तर घरात चिखल, भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर पाण्याची रेघ, आणि त्यांच्या पाटीदप्तराचा पत्ता नाही.

थोरलीने विचारलं, "आबा, दगडं पण आली होती का?" नाही गं, आमच्याकडे गाळ, इथे उतार केवढा आहे बघ, पाण्याला उतार मिळाला की ते दगड उचलतं. आणि मग त्यांनी वाळूत काठीने काढून दाखवलं, वर मोठे दगड का, मध्ये गोटे का, आणि खाली सपाटीला नुसती वाळू का. पाण्याचा जोर कमी होत जातो तसं ते जड ते आधी टाकतं. पंख्याचा आकार म्हणूनच. तिथल्याच एका रेंजरने मग सांगितलं की सप्टेंबर २०१३ च्या पुरात हे सगळं पुन्हा हललं, रस्ता-वाट वाहून गेली, आत्ताची वाट त्यानंतरची आहे. पुस्तिकेत एका पानावर आज बघितलेलं काढायला जागा होती, तिथे तिने दोन धरणं काढली, एक इथलं, एक तिकडचं, आणि बाबांकडून अक्षरं विचारून विचारून देवनागरीत पानशेत लिहिलं. तिची मराठी लिहायची सवय फार नाही, शे ची मात्रा आधी चुकली, मग खोडून नीट केली.

आम्ही तिथे साडेतीन तास होतो. प्लॅनमध्ये पाऊण तास होता. जेवण जवळच्या एंडोव्हॅली पिकनिक एरियात, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. इथे एक सांगते, खारींना खायला घालायला सक्त मनाई आहे आणि त्या इतक्या धीट झाल्यात की मांडीवर येतात, मुलांना ते गोड वाटतं पण नाही म्हणायचं. पाठीवरचे पट्टे बघून आईला रामाने बोटं फिरवलेली खार आठवली, तर थोरलीने पुस्तिकेतलं ज्ञान दिलं की तोंडावर पण पट्टे असतील तर ती चिपमंक, नुसते अंगावर असतील तर ग्राउंड स्क्विरल. मग दोघी आजी-नात तेच बघत बसल्या, हिच्या तोंडावर आहेत, हिच्या नाहीत. उरलेलं खाणं गाडीत उघडं ठेवायचं नाही, अस्वलं वासावर येतात, सगळं डब्यात बंद आणि नजरेआड.

शनिवार ट्रेल रिज रोडचा. हा रस्ता एस्टेस पार्कपासून पलीकडच्या ग्रँड लेकपर्यंत ४८ मैल, १९३२ मध्ये खुला झालेला, त्यातले ११ मैल झाडांच्या रेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडं उगवतच नाहीत, आणि सगळ्यात उंच जागा १२,१८३ फूट. दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर अजून उरतं. हिवाळ्यात बंद असतो, साधारण मेअखेर उघडतो. सातला निघालो कारण जुलैत दुपारी वर ढग जमतात आणि वीज पडते, झाडं नाहीत म्हणजे सगळ्यात उंच तुम्हीच, तेव्हा बारापर्यंत वरचं आटपून खाली उतरायचं. काही ठिकाणी कडेला कठडा नाही. आई दरीच्या बाजूला बसली होती, तिने रामरक्षा म्हंटली, आणि येताना मी तिला दुसऱ्या बाजूला बसवलं. खाली गावात टी-शर्टात होतो, वर जॅकेट टोपी मफलर, सगळं लागलं. धाकट्याच्या चिप्सचं पाकीट फुगून टम्म झालं, त्याला ते दाखवून मी हवेचा दाब समजावला आणि त्याला तो समजला.

रॉक कट नावाच्या थांब्यावर टुंड्रामधून, म्हणजे त्या बिनझाडांच्या गार माळावरून, जाणारी पक्की छोटी वाट आहे, साधारण अर्धा मैल जायची, पण १२,००० फुटांच्या वर अर्धा मैल म्हणजे खाली दोन मैल समजा. आम्ही अर्ध्यातून परत आलो आणि त्यात काही गमावलं असं वाटलं नाही, कारण बघायचं ते पायाशीच होतं. निळी फॉरगेट-मी-नॉट, करंगळीच्या नखाएवढी, आणि गुलाबी फुलांची गादी जमिनीला चिकटलेली. आई वाकून बघत म्हणाली कासलाच आल्यासारखं वाटतंय. कातळावर चिमूटभर माती, जोराचा वारा, आणि थोड्या आठवड्यांत फुलायचं, बी धरायचं, संपवायचं, दोन्हीकडे गोष्ट तीच, एकीकडे पावसाने ठरवलेली, एकीकडे बर्फाने. इथे एक पाऊल चुकीचं पडलं की झाड भरून यायला वर्षानुवर्षं लागतात म्हणून वाट सोडायची नाही. तरी माणसं सोडत होती. फोटोसाठी. बाबांनी एका तरुण जोडप्याला खुणेने पाटी दाखवली आणि ते सॉरी म्हणून परत आले.

पायका तिथेच दिसला. मुठीत मावेल एवढा, सशाच्या जातीतला, शेपूट नाही, तोंडात गवताची पेंढी घेऊन दगडांमधून पळतो आणि मध्येच थांबून चीप करून ओरडतो. तो हिवाळ्यात झोपत नाही, उन्हाळाभर गवत कापून वाळवून दगडाखाली गंजी रचतो आणि बर्फाखाली ती खाऊन राहतो. शेजारच्या दगडावर मार्मोट, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी, पोट पसरून ऊन खात होता, तो मात्र जाड होऊन झोपून काढतो. धाकट्याने पुस्तिकेत पायकाचं चित्र काढलं, गवत त्याच्याहून मोठं.

अल्पाइन व्हिजिटर सेंटरला, ११,७९६ फुटांवर, बाबांचं डोकं धरलं. त्यांनी सांगितलं नाही, आईने ओळखलं. तिथून वर पायऱ्यांची एक वाट जाते, ती त्यांना चढायचीच होती, आणि मला पहिल्यांदा त्यांना नाही म्हणावं लागलं. वाईट वाटलं मला. ज्या माणसाने मला हात धरून गड चढवले त्याला मी पायऱ्यांपाशी अडवत होते. त्यांनी वाद घातला नाही, पाणी प्यायले, आणि आम्ही लगेच पलीकडे उतरायला लागलो. हजारभर फूट उतरल्यावर डोकं सुटलं.

उतरताना मिलनर पास ही खिंड लागते, १०,७५८ फूट, तिथे पाटी आहे कॉन्टिनेंटल डिव्हाइडची, म्हणजे खंडाचं पाणी दोन दिशांना वाटणाऱ्या रेघेची. या बाजूचं पाणी शेवटी मेक्सिकोच्या आखाताला, त्या बाजूचं कोलोरॅडो नदीतून पॅसिफिककडे. आईचं माहेर वाईचं. तिला हे समजवावं लागलं नाही. ती म्हणाली, म्हणजे महाबळेश्वर! एकाच डोंगरातून कृष्णा-कोयना पूर्वेला बंगालच्या उपसागराला आणि सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राला. तिने गाडीतल्या बाटलीतलं पाणी पाटीच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं ओतलं, मुलांना सांगितलं हे तिकडे जाणार, हे इकडे जाणार.

आणि मग कवनीची नावाच्या व्हॅलीत कोयोटी व्हॅली ट्रेल, सपाट, खडीची, आई काठी न घेता चालली अशी. ही वाट कोलोरॅडो नदीच्या काठाने जाते. हीच ती नदी जिने ग्रँड कॅन्यन कोरली, आणि इथे ती धाकट्याच्या गुडघ्याएवढी. चौघांनी पाय सोडले, पाणी इतकं गार की एक ते दहा म्हणेपर्यंतच पाय ठेवता येतो. लांब झुडपांत मूस उभी होती, मान खाली घालून खात. अंगठा लावून बघितलं, मावली. पलीकडच्या उतारावर जळके खांब दिसत होते, ऑक्टोबर २०२० च्या ईस्ट ट्रबलसम वणव्याचे, ती आग तर खंडाची ही रेघ ओलांडून पलीकडे गेली होती. खाली गवत आणि जांभळी फुलं भरून आलेली.

परत येताना पाऊस आणि गारा, विजा वर होत्या आणि आम्ही खाली.

रविवारी परमिट होतं. आधी स्प्रेग लेक, कारण व्हीलचेअरसुद्धा जाईल अशी सपाट वाट तळ्याभोवती आहे, एक मैलाच्या आतली, जागोजाग बाक, आणि सकाळी पाणी शांत असतं तेव्हा समोरचे डोंगर उलटे दिसतात. आईने पूर्ण फेरी केली. एका जागी बसून पाच मिनिटं काय ऐकू येतं ते लिहायचं होतं पुस्तिकेत, तर सहाही जण गप्प बसलो, माझा नवरासुद्धा. धाकट्याने लिहायला सांगितलं: वारा, बदक, आजीच्या बांगड्या.

बेअर लेकला पार्किंग सकाळीच भरतं, म्हणून अलीकडे पार्क अँड राइडला गाडी लावून फुकटच्या शटल बसने गेलो, आणि ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत त्यांनी हेच करा. तळं ९,४७५ फुटांवर. आई तळ्याकाठी बसली, नवरा आणि धाकटा तिच्यापाशी, आणि मी, बाबा, थोरली असे निंफ लेकपर्यंत चढलो. अर्धा मैल. बाबांनी तिला चढायची पद्धत शिकवली, लहान पाऊल, टाच पूर्ण टेकवून, बोलता येईल एवढ्याच वेगाने. तेच वाक्य. मला सहाव्या वर्षी सिंहगडावर सांगितलेलं. तळ्यात पिवळी कमळं होती. पुढे ड्रीम लेक अजून तेवढंच वर आहे, माणसं भराभर पुढे जात होती, आणि बाबा स्वतःच म्हणाले, "बास. इथे छान आहे." 

दुपारी व्हिजिटर सेंटरमध्ये पुस्तिका घेऊन उभे राहिलो. रेंजर आजोबाच होते, पांढरी दाढी. त्यांनी धाकट्याला विचारलं पायका काय खातो, तो म्हणाला वाळलेलं गवत, त्याने स्वतः वाळवलेलं. मग थोरलीची पुस्तिका. पानं उलटता उलटता ते दोन धरणांच्या पानाशी थांबले, हे काय लिहिलंय, कुठली भाषा? तिने सगळं सांगितलं, आबा सात वर्षांचे होते, पोती, पर्वती, भिंतीवरची रेघ. ते रेंजर काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांनी बाबांशी हात मिळवला. म्हणाले, मी पण ८२ साली इथेच होतो. मग दोघं बोलत बसले, बाबांचं इंग्रजी पुस्तकी आहे आणि त्यांचं भरभर, तरी काही अडलं नाही, मागे रांग होती पण कोणी काही म्हणालं नाही. 

शपथ झाली, उजवे हात वर, बाबांनीही केला होता. बिल्ले लावले, पुस्तिकेवर सही आणि तारीख टाकली, १४ जुलै २०२४. निघताना त्यांनी तिला विचारलं, त्या धरणाचं नाव पुन्हा सांग, मला नीट म्हणायचंय.

"पान-शेत," ती म्हणाली. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. शेवटचा त बाबांनी सुधारून दिला.